उणे पाणी

‘ताण’ हा शब्द आपल्या कॉलेजात दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. परीक्षेचा ताण, फीचा ताण, एस. टी. चुकल्याचा ताण. मी द्वितीय वर्षात भूगोल घेऊन शिकणारी मुलगी; हे सगळे ताण मलाही ठाऊक आहेत. पण आमच्या सांगोला तालुक्यात शेतकरी हाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. तिकडे ताण ‘येत’ नाही, तो ‘देतात’. आणि तो देतात डाळिंबाच्या झाडाला. त्या ताणाविषयी आणि तो मोजणाऱ्या चिनी मातीच्या एका चकतीविषयी मला लिहायचे आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने असला विषय कशाला घ्यावा, असे कोणी विचारील. माझे उत्तर एवढेच की माझे कॉलेज त्या ताणावर चालते.

डाळिंबाचे झाड मोठे लहरी. त्याला मोकळे सोडले तर ते बारा महिने थोडेथोडे फुलत राहते. आज चार फळे, महिन्याने सहा. अशी फळे बाजारात नेऊन गाडीभाडेसुद्धा सुटत नाही. म्हणून शेतकरी झाडाचे पाणी तोडतो. मग पाने पिवळी पडतात, गळतात, झाड वाढ थांबवून विसावते. पुढे छाटणी करून, खत घालून पहिले पाणी सोडले की झाड जागे होते आणि सगळी फुले एकदम धरते. जानेवारी-फेब्रुवारीत अशी फुले धरली तर तो आंबे बहार, पावसाच्या तोंडी धरली तर मृग बहार, आणि पाऊस ओसरताना धरली तर हस्त बहार. आमच्या घरी आंबे बहार धरतात. त्यासाठी दिवाळीच्या सुमारास पाणी तोडायचे.

हे ऐकायला सोपे वाटते. खरी मेख पुढेच आहे. पाणी किती दिवस तोडायचे? ताण कमी पडला तर झाडावर नुसता पाला येतो, फूल दिसत नाही. ताण जास्त झाला तर शेंडे वाळतात, कधी झाडच जाते. गावात ज्याला त्याला विचारावे तर प्रत्येकाचा आकडा निराळा. कोणी म्हणतो तीस दिवस, कोणी म्हणतो पन्नास. गंमत अशी की ते सगळेच खरे बोलत असतात, कारण प्रत्येक जण आपापल्या मातीपुरते बोलत असतो.

आमची बाग दोन पट्ट्यांत आहे. वरची पट्टी मुरमाड. खोरे मारले की खडखडते. खालची ओढ्याकाठची, काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. २०२२ साली पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला होता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन्ही पट्ट्यांचे पाणी एकाच दिवशी तोडले आणि एकाच दिवशी सोडले. दुसरे काही करणे शक्यही नव्हते. छाटणीची टोळी एकदाच येते, आणि ती येईल तेव्हा बाग तयार असावी लागते. वरच्या पट्टीतली झाडे शेंड्यांकडून वाळली. खालच्या पट्टीतल्या झाडांची पाने अर्धीदेखील गळली नव्हती. त्यांनी ताण घेतलाच नाही आणि पुढे पाला तेवढा फुटला. दिवस सारखेच, पाणी सारखेच, तरी एका पट्टीला ताण फार झाला नि दुसरीला बसलाच नाही. त्या वर्षी मी अकरावीत होते. गोठ्यातली एक जर्सी गाय विकली गेली आणि मी बारावीत जाऊन बसले. घरात कोणी या दोन गोष्टी एका वाक्यात बोलले नाही. पण मला बेरीज-वजाबाकी येत होती.

कॉलेजात आल्यापासून गावात माझी एक नवी ओळख झाली आहे. कागदावर किंवा मोबाईलवर इंग्रजी अक्षरे आली की मला बोलावणे येते. वीजबिल असो, औषधाची बाटली असो. गेल्या वर्षी गावातल्या एका बागाईतदार तात्यांनी बागेत एक यंत्र बसवले. जमिनीत पुरलेली रुपयापेक्षा थोडी मोठी चिनी मातीची चकती, तिला वायर, वायरीला खांबावरची पेटी, आणि पेटीतून तात्यांच्या मोबाईलवर आकडा. तो वाचायला मला बोलावले. मी वाचला, “उणे पंचेचाळीस.”

कट्ट्यावरचे सगळे हसले. तात्या म्हणाले, “उणं पाणी? आगं, पाणी असंल न्हाईतर नसंल. उणं कसं असंल?”

मलाही ते सांगता येईना. यंत्र विकणारा माणूस चकती पुरून केव्हाच निघून गेला होता. तो प्रश्न मी एस. टी.त बसून कॉलेजात आणला. आमच्या भूगोलाच्या सरांनी तो हसण्यावारी नेला नाही. त्यांनी मृदाशास्त्राची दोन जाडजूड पुस्तके माझ्यापुढे ठेवली. त्यांतून आणि सरांच्या समजावण्यातून मला जे उमगले ते माझ्या भाषेत सांगते.

माझी आजी पैसे कनवटीला बांधते. तिच्या कनवटीला किती रुपये आहेत हा एक प्रश्न, आणि ती गाठ किती घट्ट आहे हा दुसरा. आम्हा नातवंडांना दुसऱ्याच प्रश्नाशी कर्तव्य असायचे. मातीचेही असेच आहे. मातीच्या कणांमधल्या फटींत पाणी धरलेले असते. फट जितकी बारीक, तितकी ती पाणी घट्ट धरते. दिव्याच्या वातीत तेल चढते ते याच गुणाने. मुरमाड मातीत फटी मोठ्या. पाणी चटकन येते, चटकन जाते. काळ्या चिकण मातीत फटी अतिशय बारीक. तिच्यापाशी पाणी पुष्कळ, पण गाठ घट्ट. वाळूच्या जमिनीत झाड कोमेजून जाते तेव्हा तिच्यात शंभर भागांत सुमारे पाचच भाग पाणी उरलेले असते. भारी चिकण मातीत झाड कोमेजते तेव्हा तिच्यात वीस-पंचवीस भाग पाणी शिल्लक असू शकते. म्हणजे ओली माती हाताला लागते नि झाड तहानेने मरते! नुसते ‘जमिनीत पाणी किती’ हे मोजून झाडाची तहान कळत नाही ती यामुळेच.

हा दुसरा प्रश्न शास्त्राच्या भाषेत प्रथम नेटका मांडला एडगर बकिंगहॅम या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाने, १९०७ साली. अमेरिकेच्या शेतीखात्यात काम करताना त्याने मातीच्या या ओढीला मोजता येण्याजोगी राशी मानले. आज तिला ‘जलविभव’ म्हणतात. तळ्यात मोकळे उभे असलेले पाणी म्हणजे शून्य. मातीने धरलेले पाणी त्याहून खाली. ते ओढून काढायला जोर लागतो, म्हणून त्याचा आकडा उणे. माती जसजशी वाळते तसतसा तो आकडा खाली खाली जातो. उणे पाणी म्हणजे नसलेले पाणी नव्हे. ते मातीने अडवून धरलेले पाणी आहे. ते मिळवायला झाडाला तितकी ओढ लावावी लागते. हे मी कट्ट्यावर सांगितले तेव्हा तात्या म्हणाले, “म्हंजी सोसायटीत पैसा हाय, पर कर्ज मिळंना, तसं!” सरांनाही ही उपमा आवडली.

या ओढीचे माप किलोपास्कलमध्ये करतात. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब सुमारे १०० किलोपास्कल. चांगला पाऊस पडून जादा पाणी निचरून गेले की जमीन साधारण उणे १० ते उणे ३३ च्या दरम्यान येते. माझ्या मनात आले, अरे, याच्या जवळपासच्या अवस्थेला तर आपल्याकडे नाव आहे! वाफसा. माती पायाला चिकटत नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि सोडला तर फुटतो, ती वेळ. पेरणाऱ्या प्रत्येक माणसाला ती ओळखता येते. दुसऱ्या टोकाला उणे १५०० चा आकडा आहे. बहुतेक पिके त्यापुढे मातीतून पाणी ओढू शकत नाहीत, कोमेजतात ती पुन्हा सावरत नाहीत. शून्यापासून उणे १५०० पर्यंतच्या या उतरणीवर आमच्या डाळिंबाचा ताण कुठेतरी बसलेला असतो.

आता चिनी मातीकडे वळते. आमच्या आजीने परसातल्या आंब्याच्या रोपाशेजारी एक कोरे मडके गळ्यापर्यंत पुरले होते. त्यात पाणी भरून वर झाकणी ठेवायची. उन्हाळ्यात ते दोन दिवसांत रिकामे व्हायचे, पावसाळ्यात आठवडाभर भरलेले राहायचे. मडक्याला डोके नाही, तरी ते हिशेबाने पाणी देई. कारण देणारे मडके नव्हतेच, ओढणारी माती होती. कोरडी माती जोराने ओढते, ओली हळू. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक ग्रंथात ही युक्ती लिहिलेली आहे. आजीने तो ग्रंथ वाचला नव्हता. तिला सही करायलासुद्धा मी चौथीत असताना शिकवले.

या मडक्याला वरून हवाबंद बूच मारले आणि काटा बसवला की झाला ताणमापक. एक नळी, तिच्या खालच्या टोकाला चिनी मातीचा सच्छिद्र कप, वर घट्ट बूच आणि बाजूला निर्वात दाखवणारे घड्याळ. नळीत उकळून गार केलेले पाणी काठोकाठ भरायचे, म्हणजे आत हवेचा बुडबुडा राहत नाही. कप मुळांच्या खोलीवर पुरायचा. कपाची छिद्रे इतकी बारीक की ओली असताना त्यांतून पाणी आरपार जाते, हवा मात्र शिरू शकत नाही. माती वाळू लागली की कपातून पाणी ओढते. नळी हवाबंद, म्हणून आत निर्वात तयार होतो आणि काटा पुढे सरकतो. जमिनीला पाणी दिले की कप पाणी परत घेतो नि काटा मागे येतो. झाडाचे मूळ जी ओढाताण सोसते तीच हा कप सोसतो. अमेरिकेतल्या यूटा राज्यात विलार्ड गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२२ च्या सुमारास ही ओढ सच्छिद्र कपाने मोजून पाण्याच्या पाळ्यांशी जोडली. गार्डनर यांचे विद्यार्थी लोरेंझो रिचर्ड्स यांनी हे काम आयुष्यभर पुढे नेले. मातीतून पाणी कसे वाहते याचे १९३१ चे त्यांचे समीकरण आजही वापरात आहे.

हे सगळे वाचले तरी माझा विश्वास बसेना. म्हणून घरच्या जुन्या स्टीलच्या फिल्टरमधली पांढरी कँडल मी कॉलेजात आणली. तीही सच्छिद्र चिनी मातीचीच. रात्रभर पाण्यात भिजवली, पाण्याने भरली, तोंडाला सलाईनची नळी एम-सीलने पक्की बसवली आणि नळीचे दुसरे टोक कुंकू कालवलेल्या पाण्याच्या पेल्यात सोडले. कँडल आधी ओल्या मातीच्या कुंडीत खोचली. लाल पाणी जागचे हलले नाही. मग ती कोरड्या मातीत खोचली आणि माती चहूबाजूंनी दाबली. थोड्या वेळाने लाल पाणी नळीत बोटभर वर आले, मग वीतभर. विभागातल्या मुली भोवती जमल्या. कोणी पंप लावला नव्हता, कोणी तोंडाने ओढले नव्हते. कुंडीतली माती ओढत होती. माती पाणी पिते असे आपण म्हणतो, पण ती पिताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

आपल्या देशात या कपाचा खरा उपयोग पाहायचा तर पंजाबात जावे लागेल. तिथे भातशेतीने भूजल खोल खोल नेले. सरकारने २००९ साली कायदा करून १० जूनच्या आधी भाताची लावणी करायला बंदी घातली. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने भातासाठी एक साधा ताणमापक तयार केला. त्यात घड्याळ नाही. नळीवर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे. कप जमिनीत वीतभर खोल. आतल्या नळीतले पाणी हिरव्यात आहे तोवर मोटार लावायची नाही; पिवळ्यात उतरले की पाणी द्यायचे. विद्यापीठातल्या अभ्यासात भातासाठी ही वेळ उणे १६ किलोपास्कलच्या आसपास ठरली. आकडा वाचता न येणाऱ्यालाही रंग कळतो. मला वाटते, यंत्र करावे तर असे करावे. म्हणजे ते वाचायला कोणा कॉलेजच्या मुलीला बोलवावे लागणार नाही.

पण आमच्या डाळिंबाला हा ताणमापक अर्ध्या वाटेवर सोडून जातो. उणे ८० ते ८५ च्या पुढे नळीतल्या पाण्यात बुडबुडे धरतात, पाण्याची साखळी तुटते आणि काटा थिजतो. हवेचा दाबच जिथे १०० चा, तिथे निर्वाताने याहून जास्त ओढ दाखवायची तरी कशी? आमचा ताण त्याच्या फार पुढे जातो. तात्यांची चकती कामाला येते ती इथे. तिच्यात पाण्याची नळी नाही. चकती मातीला चिकटून बसते. माती कोरडी असेल तर चकतीतले पाणी ओढून घेते, ओली असेल तर तिला पाणी देते; दोघींची ओढ सारखी होईपर्यंत ही देवघेव चालते. कोणत्या ओढीला चकतीत किती पाणी उरते हे कारखान्यातच तपासून ठेवलेले असते. मग विजेच्या सूक्ष्म लहरींनी चकतीतले पाणी तेवढे मोजायचे, कारण पाण्याचा विद्युत्-गुण कोरड्या चिनी मातीहून कितीतरी पटींनी जास्त असतो. त्या पाण्यावरून ओढ कळते. माती गावोगाव वेगळी, पण चकती सगळीकडे तीच. मातीला बोलते करायचे नाही. आपले माणूस तिच्याशेजारी बसवायचे आणि त्याच्याकडून ऐकायचे.

हे माणूसही सगळे ऐकत नाही. काळी माती भेगाळली आणि चकतीचा तिच्याशी असलेला स्पर्श सुटला की आकडा खोटा ठरतो. बोअरचे पाणी खारट असेल तर झाडाला ते ओढताना आणखी कष्ट पडतात. पण खार चकतीच्या छिद्रांतून सहज आरपार जातो, म्हणून तो कष्ट तिला कळत नाही. आमच्या भागात या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणून मी अण्णांना सांगितले की आकडा पाहायचा आणि झाडही पाहायचे. ते म्हणाले, “झाड मी बघतो. आकडा तू बघ.”

यंदा तात्यांनी दोन चकत्या महिनाभरासाठी आम्हाला वापरायला दिल्या. एक वरच्या पट्टीत, एक खालच्या, दोन्ही फूटभर खोल. पाणी तोडल्यावर पाचव्या आठवड्यात वरचा आकडा उणे ८०० च्या पुढे गेला होता. खालचा उणे ६० च्या आसपास घुटमळत होता. एकाच बागेत, एकाच दिवशी! २०२२ साली काय झाले असेल ते दोन आकड्यांत समोर दिसले. अण्णा काही बोलले नाहीत. खालच्या पट्टीत जाऊन त्यांनी एक मूठ माती काढली, दाबली आणि बराच वेळ हातात धरून उभे राहिले. मग टोळीच्या मुकादमाला फोन लावून म्हणाले, “दोनदा यावं लागंल. दोनदाचं गाडीभाडं देतो.”

वरच्या पट्टीची छाटणी झाली, पहिले पाणी सुटले. खालच्या पट्टीला आणखी वीस दिवस थांबवले. त्या वीस दिवसांत शेजारचे दोघे-तिघे बांधावरून सांगून गेले की पोरीच्या नादाने बाग घालवशील. रात्री जेवताना अण्णा तो विषय काढत नसत, मात्र रोज संध्याकाळी मला विचारत, “आज किती उणं?” त्यांच्या तोंडी तो शब्द आता अगदी बसला आहे. मी आकडा सांगे. ते मान हलवून बाहेर जात, आणि मी समजत असे की खालच्या पट्टीकडे गेले.

हा लेख संपादक मंडळाकडे देताना वरच्या पट्टीत कळ्या दिसू लागल्या आहेत. खालच्या पट्टीतली पाने गळून गेली आहेत आणि पहिले पाणी कालच सुटले. पुढे गारपीट आहे, तेल्या आहे, भाव आहे. त्यांतले काहीच चकती सांगणार नाही. विहिरीचे पाणी मेपर्यंत पुरेल की नाही, हेही तिला ठाऊक नाही. परंतु फळ धरल्यावर पाणी कमी-जास्त झाले की डाळिंब तडकते. तेव्हा ओल सारखी राखायला घरचा साधा ताणमापक पुरेल, कारण त्या दिवसांत माती उणे ८० पर्यंत जाऊच द्यायची नसते. फिल्टरच्या आणखी दोन कँडल मी आणून ठेवल्या आहेत. आजीने एक उचलून पाहिली, बोटाने वाजवली आणि म्हणाली, “भाजणी चांगली हाय.”

द्वितीय वर्ष, कला (भूगोल)